हार्ड डिस्क वाचत नाही? आधी डेटा बाहेर काढा, दुरुस्ती नंतर

या वेळच्या व्हिडिओचा विषय थोडा वेगळा आहे. मार्केटिंग नाही, लोन नाही, जीएसटी नाही. घरातल्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ‘वाचता येत नाही’ म्हणायला लागली, तर काय करायचं, हे आज बघायचं आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे नीट लिहितो.

काही जणांना वाटेल, हे तर रिपेअरवाल्याचं काम, आपल्याला कशाला? तर एक हिशोब करा. समजा वरवंडला हायवेलगत तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसाला ४० बिलं होतात, वर्षाला ३०० दिवस दुकान चालू. म्हणजे १२,००० बिलं. डिस्क गेली आणि ही सगळी पुन्हा भरायची ठरवलं, एका बिलाला फक्त एक मिनिट धरलं, तरी २०० तास लागतात. रोज आठ तास बसलात तरी २५ दिवस. तेही कागदाची प्रत ठेवली असेल तर.

आणि आपल्या भागात खरी भीती बिलांची नाही, उधारीची आहे. दौंड तालुक्यात खत, औषध, बियाणं उधारीवर जातं आणि पैसे येतात ते उसाचं बिल जमा झाल्यावर. मधले सहा-आठ महिने तुमचं भांडवल कुठे असतं? त्या खतावणीत. खतावणी गेली तर कोणाकडे किती येणं आहे हे तुम्ही तोंडी सांगणार, आणि समोरचा म्हणणार, ‘शेठ, मी तर मागच्याच महिन्यात दिले.’ यात भांडणाशिवाय काही हाती येत नाही. शिवाय जीएसटी कायद्याचं कलम ३६ आहेच. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, जपून ठेवायची आहेत. ‘कॉम्प्युटर बिघडला होता’ असं म्हणून सुटका होत नाही.

म्हणून या धड्यात एकच गोष्ट पक्की करायची आहे: डिस्कने पहिली तक्रार केली की आधी डेटा दुसरीकडे काढायचा, दुरुस्तीचं नाव नंतर घ्यायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. दुरुस्ती करायला जातात आणि त्या दुरुस्तीतच उरलेला डेटा घालवून बसतात.

डिस्क म्हणते काय आणि घडतं काय

हार्ड डिस्कच्या आत गोल चकत्या असतात. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावर वाचणारं डोकं केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, चकतीला टेकत नाही. चकतीवरचा डेटा छोट्या छोट्या कप्प्यांत लिहिलेला असतो, त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा, नव्यांत ४,०९६ बाइटचा. प्रत्येक सेक्टरसोबत डिस्क पडताळणीचा एक आकडा लिहून ठेवते. किराणा पावतीच्या खाली बेरीज असते ना, तसंच समजा. वाचताना बेरीज जुळली नाही की डिस्क चूक स्वतःच सुधारायचा प्रयत्न करते, पुन्हा वाचते, परत वाचते. अगदीच जमलं नाही तर हात वर करते. मग तुमच्या स्क्रीनवर येतं, ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ किंवा ‘आय-ओ डिव्हाइस एरर’.

हे पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजेच तुम्हाला जाणवणारा ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ हा प्रकार. टॅलीचं एखादं जुनं खातं उघडताना मशीन अडकतं, माउस फिरतो पण काही होत नाही, मग मिनिटभराने एकदम सगळं चालू. बरेच जण तेव्हा व्हायरस समजून अँटिव्हायरस पळवतात किंवा रॅम वाढवतात. रॅम वाढवून डिस्क बरी होत नाही हो.

खराब सेक्टर सापडला की डिस्क काय करते, हे वहीच्या भाषेत सांगतो. फाटक्या पानावर पेन्सिलीने खूण करते, ‘हे पान संशयित आहे’. पुढच्या वेळी त्या जागी काही लिहायची वेळ आली आणि पान खरंच निकामी निघालं, तर त्यावर फुली मारते आणि वहीच्या मागे राखीव ठेवलेल्या कोऱ्या पानांपैकी एक वापरते. फुली मारलेली पानं आणि संशयित पानं, दोन्हींची मोजदाद डिस्क ठेवते. ती मोजदाद बघायची सोय म्हणजे स्मार्ट रिपोर्ट.

गुगलच्या इंजिनिअरांनी २००७ साली त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की तपासणीत पहिला वाचन-दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. म्हणून ‘एकदाच एरर आली होती, परत आली नाही’ हे समाधान कामाचं नाही. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या महत्त्वाच्या चार आकड्यांपैकी एकही आधी हलला नव्हता. म्हणजे रिपोर्ट वाईट असेल तर विश्वास ठेवा, चांगला असेल तर निर्धास्त होऊ नका.

आता हाताने करायचं काम

सगळ्यात आधी कान द्या. डिस्कमधून टक-टक, टक-टक असा ठरावीक ताल किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर मशीन बंद करा. पुढचं काहीही करू नका. डोकं चकतीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडून निघतोय. अशी डिस्क धूळविरहित खोलीत उघडून, तशाच दुसऱ्या डिस्कचं डोकं बसवून डेटा काढतात. ते काम पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं. देताना लेखी विचारा: तपासणीचे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि मला कुठल्या फाइली हव्यात ती यादी आधी द्या. घरी झाकण उघडायचं नाही. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला आजही फिरतो. तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि आगीतून फुफाट्यात अशी गत होते. एक अपवाद तपासा: यूएसबीवर चालणारी बाहेरची डिस्क वीज कमी मिळाली तरी टकटक करते. तिची वायर एकदा बदलून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून बघा. तरी आवाज आला तर थांबा.

आवाज नसेल तर पुढे चला. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. शक्यतो पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती घ्या. आजारी डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही, हा नियम आत्तापासूनच पाळा. उघडलं की निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे वाईट. खालच्या यादीत चार ओळी बघा. ‘०५’ म्हणजे फुली मारलेली पानं. ‘सी५’ म्हणजे संशयित पानं. ‘सी६’ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेली. आणि ‘सी७’ ही ओळ वेगळी आहे, ती डिस्कची नाही, बहुतेक वेळा वायरची चूक मोजते. आकडे विचित्र अक्षरांत दिसले तर घाबरू नका. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान पद्धत निवडा.

सी७ चा आकडा मोठा आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर नशीब चांगलं समजा. मशीन बंद करा, प्लग काढा, डिस्कची लाल किंवा काळी चपटी साटा वायर बदला, मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा. आपल्याकडे कॅबिनेट जमिनीवर, शेजारी पोत्यांची थप्पी आणि आत उंदरांची ये-जा, हे चित्र नवीन नाही. वायर कुरतडलेली किंवा सैल निघते. सी७ चा जुना आकडा वायर बदलल्यावर शून्य होत नाही, तो फक्त वाढतोय का तेवढं बघायचं. थांबला तर दुखणं संपलं.

बाकीच्या तीनपैकी कुठेही आकडा असेल तर डेटा काढायला लागा. कुठे काढायचा? दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या ‘डी’ ड्राइव्हवर नव्हे. सी आणि डी ही एकाच घराची दोन खोल्या असतात, घर पडलं की दोन्ही गेल्या.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा टॅलीचा डेटा फोल्डर. मग बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा, मग एक्सेल, मग डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, कारण आपण सगळे कामाच्या फाइली तिथेच टाकतो. मग ग्राहकांचे फोटो, डिझाइनं. गाणी, सिनेमे आणि विंडोज यांना हात लावू नका, ते पुन्हा मिळतात. एकदम पूर्ण ड्राइव्ह ओढून टाकलात तर कॉपी एखाद्या सिनेमाच्या खराब तुकड्यावर अडकून बसेल आणि खतावणी मागेच राहील. एखादी फाइल अडली तर ‘स्किप’ करून पुढे जा.

विंडोज असलेलीच डिस्क आजारी असेल तर ती मशीनमधून काढून साटा-टू-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं जास्त सुरक्षित, कारण विंडोज चालू असताना सतत डिस्कवर काहीतरी लिहीत असतं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा कुलूपबंद असते, बिटलॉकर म्हणतात. दुसरीकडे जोडली की ती रिकव्हरी की मागेल. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. अकाउंट कोणाच्या ईमेलने उघडलं होतं, हे आजच शोधून ठेवा. दुकानातून सोडून गेलेल्या पोराच्या ईमेलवर असेल तर पंचाईत.

जोडल्यावर विंडोज विचारेल, ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का?’ कॅन्सल दाबा. चालू होताना आपोआप डिस्क तपासणी सुरू व्हायला लागली तर सुरुवातीचे काही सेकंद दिलेले असतात, तेवढ्यात कुठलीही की दाबून ती टाळा.

ही जी तपासणी आहे, चेकडिस्क, तिच्याबद्दल थोडं थांबून सांगतो. इंटरनेटवर कुठेही विचारा, पहिलं उत्तर हेच मिळतं: चेकडिस्क चालवा. चेकडिस्क वाईट नाही. पण ती फाइलींची यादी दुरुस्त करते, तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं काम नाही. यादीशी न जुळणारे तुकडे ती ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी टाकून देते. आणि खराब सेक्टर शोधायचा पर्याय दिलात तर ती डिस्कचा कानाकोपरा वाचत सुटते. दमेकऱ्याला कात्रजचा घाट पळत चढायला लावण्यासारखं आहे ते. डेटा बाहेर सुरक्षित पोचल्यावर खुशाल चालवा, तोवर नाही.

साध्या कॉपीने निघत नसेल तर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालतं. त्याची पद्धत मला आवडते. आधी सोपं सोपं वाचून घेतं, अवघड जागा नकाशात टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्येच लाईट गेली तरी नकाशा असल्यामुळे तिथून पुढे सुरू करता येतं. धोका एकच: कुठली डिस्क वाचायची आणि कुठलीवर लिहायचं हे उलटं दिलंत तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. म्हणून पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी बसवा.

डेटा निघाल्यावर डिस्कचं काय? लाईट लिहिता-लिहिता गेली तर कधी कधी सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि संशयित ठरतो, चकती मात्र शाबूत असते. पूर्ण फॉरमॅट केल्यावर सी५ शून्यावर आला आणि ०५ वाढला नाही, तर तो हाच प्रकार. अशी डिस्क सिनेमे ठेवायला वापरा. धंद्याच्या हिशोबाला नको. नव्या डिस्कचे पैसे वाचवायला २५ दिवसांची मेहनत पणाला लावायची, हा व्यवहार मला पटत नाही.

एसएसडी वेगळी

‘आमच्याकडे एसएसडी आहे, आम्हाला काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी. एसएसडीत चकती नाही, आवाज नाही, धक्क्याची भीती कमी, वेग भरपूर. कामासाठी तीच घ्या. पण ती जाते तेव्हा बऱ्याचदा टकटक न करता जाते, सकाळी मशीन लावलं तर दिसतच नाही. आणि चुकून पुसलेली फाइल परत मिळणं एसएसडीत फार अवघड, कारण पुसलेली जागा ती स्वतःहून साफ करून ठेवते. बॅकअप घेऊन एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं टाकून देऊ नका, वीज न मिळता तिच्यातला डेटा हळूहळू विरतो. कपाटासाठी साधी हार्ड डिस्क बरी.

लाईट, धूळ आणि पाल

गावातल्या डिस्कचं आयुष्य शहरातल्यापेक्षा खडतर असतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मध्येच लाईट जाते, येते ती झटका देऊन. घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं का बघा. ते यूपीएसवर ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर ताबा घेतो. तरी मशीन रिस्टार्ट होत असेल तर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस घ्या आणि त्याला प्रिंटर जोडू नका. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

धूळ डिस्कच्या आत सहसा जात नाही, झाकणावर एक बारीक भोक असतं त्याच्या आत गाळणी असते (त्या भोकावर स्टिकर लावू नका). पण पंखे धुळीने चोंदतात आणि गरमी वाढते. केडगाव-यवत पट्ट्यात गुऱ्हाळाजवळ ज्यांचं ऑफिस आहे, त्यांच्या मशीनमध्ये काजळीचा थरच बसतो. कॅबिनेट स्टुलावर ठेवा, दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, आणि मागची रिकामी खाच पत्र्याने झाका. पाल तिथूनच शिरते.

बॅकअपची सवय

टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा, दोन मिनिटांचं काम आहे. रोज दुकान बंद करताना गल्ला मोजतो, त्याला जोडूनच हे करा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ असा नियम आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्यासाठी सोपं रूप असं: एक प्रत मशीनवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक गुगल ड्राइव्हवर. टॅलीचा बॅकअप छोटा असतो, फुकटच्या १५ जीबीत सहज बसतो. दुकान हायवेला आणि घर वाडीवर असेल तर बाहेरची डिस्क घरी न्या. ती सतत मशीनला लावून ठेवू नका. व्होल्टेजचा झटका किंवा फाइली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातील.

महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. जगात ३१ मार्च हा बॅकअप दिवस म्हणून पाळतात. आपल्या वर्षाखेरीचाच दिवस आहे, तेव्हा विसरायचं कारण नाही.

यातून धंदा उभा राहील का?

अनेकांनी विचारलं होतं, म्हणून थोडक्यात. क्विक हील ही पुण्याची कंपनी तुम्हाला माहीत असेल. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. त्यांनी सुरुवात केली ती कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसचा त्रास दिसला, धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं, आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली. माझं लक्ष जातं ते एका गोष्टीकडे: तेच दुखणं पुन्हा पुन्हा दुकानात येतंय, हे त्यांनी हेरलं.

वरवंड, पाटस, चौफुला भागात दुकानं, दूध संकलन केंद्रं, फोटो स्टुडिओ, ई-सेवा केंद्रं किती आहेत, मोजा. त्यांपैकी किती जणांकडे बॅकअप आहे, विचारा. माझ्या मते डेटा रिकव्हरीत गावपातळीवर पैसा कमी आणि शिव्या जास्त. त्यापेक्षा महिन्याला एक फेरी मारायची, स्मार्ट रिपोर्ट बघायचा, बॅकअप उघडून दाखवायचा, ब्लोअर मारायचा आणि वर्षाचा करार करायचा. ग्राहकाला पुण्याला हेलपाटा पडतो तेव्हा त्याचा आख्खा दिवस जातो, ते त्याला समजावता आलं पाहिजे.

रिकव्हरीचं काम घेतलंतच तर डिस्कचा सिरीयल नंबर, आली तेव्हाची अवस्था आणि ‘डेटाची हमी नाही’ हे पावतीवर लिहून सही घ्या. ‘होईल ना, काळजी नको’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि बाद झालेली डिस्क ग्राहकाला परत द्या, किंवा त्याच्यासमोर निकामी करा. तिच्यावर लोकांच्या आधार कार्डांच्या, सातबाऱ्यांच्या, पासबुकांच्या प्रती असतात. चालू होत असेल तर क्विक नाही, पूर्ण फॉरमॅट मारा. चालूच होत नसेल तर ड्रिलने चकत्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडा, एसएसडी असेल तर प्रत्येक चिपमधून, आणि मगच ती ई-कचऱ्यात द्या. भंगारवाल्याच्या काट्यावर अख्खी डिस्क ठेवू नका.